युक्रेनची पारंपरिक पाककला व ऋतुचक्र

युक्रेनची पारंपरिक पाककला : पूर्व यूरोपातील युक्रेन देशाच्या कृषिप्रधान समाजात विकसित झालेली आणि शेतीची कामे, ख्रिस्ती धर्मातील उपवास व ऋतुमान यांच्याशी घट्ट बांधली गेलेली अन्नपद्धती. तृणधान्ये, बीट, कोबी, डुकराची चरबी, दुधाचे पदार्थ, मध आणि आंबवून टिकविलेल्या भाज्या हा तिचा पाया होय. बोर्श्च (बिटाचे आंबट सूप), वरेनिकी (सारण भरून उकडलेल्या, करंजीच्या आकाराच्या पिठाच्या मुटकुळ्या), होलुब्त्सी (कोबीच्या पानात गुंडाळलेले सारण) इ. तिचे पदार्थ जगभर माहीत झाले आहेत. तथापि या पाककलेचे वैशिष्ट्य केवळ पदार्थांत नसून ते पदार्थ वर्षाच्या कोणत्या दिवशी, कोणत्या साठ्यातून व कोणासाठी रांधावयाचे याच्या नियमांत आहे. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत घरातील अन्न पुरविणे हे या नियमांचे मूळ प्रयोजन असून, युक्रेनच्या इतिहासातील दुष्काळ आणि युद्धे यांचे ठसे त्यांवर उमटलेले आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी : युक्रेनची उत्तरेकडून दक्षिणेकडे साधारणतः तीन पट्ट्यांत विभागणी होते. उत्तरेस पोलिस्या हा वनांचा व दलदलीचा प्रदेश, मध्यभागी वनयुक्त गवताळ प्रदेश आणि दक्षिणेस काळ्या समुद्रापर्यंत पसरलेला स्टेप हा गवताळ प्रदेश. नैर्ऋत्येस कार्पेथियन पर्वत आहे. मध्य व दक्षिण भागांत ‘चोर्नोझेम’ ही सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध अशी काळी मृदा आढळते. तिच्यावर गहू, बार्ली, सूर्यफूल व शर्कराबीट यांचे पीक उत्तम येते. पोलिस्यातील हलक्या जमिनीत राय, ओट, बकव्हीट (कुट्टू) व बटाटा ही पिके होतात आणि तेथील वनांतून भूछत्रे, रानफळे व मध मिळतो. हिवाळा दीर्घ व कडक असल्यामुळे वर्षातील जवळजवळ निम्मा काळ शेतातून ताजे काही मिळत नाही. सुपीक भूमी आणि अल्प वाढ-हंगाम या दोन गोष्टींमुळे साठवणीचे तंत्र हे येथील स्वयंपाकाचे निम्मे अंग बनले.

इतिहास : नीपर नदीच्या खोऱ्यातील त्रिपिल्या संस्कृतीच्या लोकांना (इ. स. पू. सु. ५५०० ते २७५०) गहू व बार्ली ही धान्ये माहीत होती, असे उत्खननांवरून दिसते. नवव्या ते तेराव्या शतकांतील कीव्ह-रूस राज्याच्या काळात आंबवलेल्या पिठाचा पाव, वरीच्या जातीच्या धान्याची (प्रोसो) लापशी, नदीतील मासे व मधाचे मद्य हे नित्याचे अन्न होते. ९८८ मध्ये राजा व्होलोदिमिर याने बायझंटिन परंपरेचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबरोबर उपवासांचे पंचांगही युक्रेनमध्ये आले.

या काळातील दोन कथा अन्नाच्या इतिहासाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. रूसच्या आद्य बखरीत ९९७ या वर्षाखाली बिल्होरोद नगराच्या वेढ्याची कथा येते. पेचेनेग टोळ्यांनी वेढलेल्या व उपासमारीने शरणागतीच्या विचारापर्यंत आलेल्या नगरजनांना एका वृद्धाने ओट, गहू अथवा कोंडा जे उरले असेल ते मूठमूठ गोळा करण्यास सांगितले. त्याची पेज व मधाचे पाणी दोन विहिरींत ठेवलेल्या भांड्यांत ओतून शत्रूच्या दूतांना दाखविण्यात आले. भूमीच या लोकांना अन्न पुरविते अशी समजूत होऊन पेचेनेग वेढा उठवून गेले. दुसरी कथा कीव्हच्या गुंफा-मठातील प्रोखोर (मृत्यू ११०७) या साधूची आहे. तो ‘लोबोदा’ या रानभाजीचा पाव करून खात असे व दुष्काळात तो लोकांना वाटत असे, म्हणून त्यास ‘लोबोदनिक’ हे नाव पडले. लोबोदा ही महाराष्ट्रात भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या चाकवताच्या कुळातील वनस्पती होय. पुढे प्रत्येक दुष्काळात तिचे नाव पुन्हा ऐकू येते.

सोळाव्या शतकापासून प्रवाशांच्या लेखनात येथील अन्नाचे अधिक तपशील मिळतात. १५८४ मध्ये व्यापारी तांड्याबरोबर कीव्हला आलेल्या मार्टिन ग्रूनेवेग या जर्मन व्यापाऱ्याने, तेथील लोक बोर्श्च सहसा विकत घेत नाहीत, कारण तो घरोघरी रोजच रांधला जातो, अशी नोंद केली आहे. बोर्श्च हे नाव मुळात ‘बोर्श्चिव्हनिक’ या रानवनस्पतीवरून आले असून तिचे आंबवलेले कढण हे या पदार्थाचे आद्य रूप असावे, असे मानले जाते. बिटाचा उपयोग नंतर रूढ झाला. पोलंडच्या सेवेत असलेला फ्रेंच अभियंता गीयोम दे बोप्लाँ याने आपल्या १६५१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोसॅकांच्या शिधासामग्रीचे वर्णन केले आहे. समुद्रमोहिमेवर निघताना ते वाळवलेला पाव, शिजवलेली प्रोसो व पाण्यात कालवलेले आंबट पीठ बरोबर घेत. या आंबट मिश्रणास ‘सालामाखा’ म्हणत. प्रोसो व डुकराची चरबी यांची ‘कुलिश’ ही पातळ खिचडी कोसॅकांच्या आणि चुमाकांच्या तळांवर शिजत असे. चुमाक म्हणजे बैलगाड्यांचे तांडे घेऊन क्रिमियातून मीठ व सुके मासे आणणारे व्यापारी होत. मिठावाचून भाज्या, मांस व चरबी यांची साठवण अशक्य असल्याने, एकोणिसाव्या शतकात रेल्वे येईपर्यंत चुमाकांच्या तांड्यांवर खेड्यांतील हिवाळा अवलंबून असे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत अमेरिका खंडातील पिकांनी या पाककलेचे रूप पालटले. बटाटा अठराव्या शतकात आला व एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरला. मक्याने कार्पेथियन व बुकोव्हिना भागांत मूळ धरले. सूर्यफुलाच्या तेलाने हेंप, जवस व खसखस यांच्या तेलांची जागा हळूहळू घेतली, तर टोमॅटो बोर्श्चमध्ये बऱ्याच उशिरा शिरला. याच काळात शर्कराबिटावर आधारलेला साखर उद्योग वाढल्याने मधाचे महत्त्व कमी झाले. तथापि मधमाशीपालनाची परंपरा टिकून राहिली. चौकटींच्या पोळ्यांची आद्य पेटी पेत्रो प्रोकोपोव्हिच याने १८१४ मध्ये युक्रेनमध्येच तयार केली होती.

खाद्यपदार्थांची साहित्यिक व शास्त्रीय नोंदही याच काळात सुरू झाली. इव्हान कोत्ल्यारेव्हस्की याच्या एनेयिदा (पहिले तीन भाग, १७९८) या विडंबनकाव्यात तत्कालीन पदार्थांच्या लांबलचक याद्या आढळतात, त्यामुळे ते संशोधकांना आधारभूत ठरले आहे. मिकोला मार्केव्हिच याचा रूढी, समजुती, पाककला व पेये यांवरील ग्रंथ १८६० मध्ये कीव्ह येथे प्रसिद्ध झाला. पाव्लो चुबिन्स्की याच्या नेतृत्वाखालील मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे खंड १८७२–७८ या काळात निघाले, तर झिनोव्हिया क्लिनोवेत्स्का हिचा युक्रेनमधील पदार्थ व पेये यांवरील पाकग्रंथ १९१३ मध्ये प्रकाशित झाला.

चूल व उपकरणे : खेड्यातील घराचा जवळजवळ चतुर्थांश भाग ‘पिच’ या मातीच्या वा विटांच्या बंदिस्त भट्टीने व्यापलेला असे. तीत लाकडे जाळून निखारे बाजूस सारीत आणि तापलेल्या भिंतींच्या मंद उष्णतेवर मातीची भांडी तासन्‌तास ठेवीत. त्यामुळे तळण्यापेक्षा उकडणे, मुरवत शिजविणे व भाजणे या क्रियांना प्राधान्य मिळाले. खसखस वाटण्यासाठी ‘माकित्रा’ हे खडबडीत तळाचे मातीचे पसरट भांडे व लाकडी बत्ता वापरीत. पावाचे पीठ ‘दिझा’ या लाकडी पात्रात भिजवीत. ते पूर्णपणे धुतले जात नसे, त्याच्या भिंतींना राहिलेले आंबट पीठ पुढील पावाचे विरजण ठरे. दिझा उसनी देणे अशुभ मानले जाई. पोल्तावा विभागातील ओपिश्न्या आणि कार्पेथियन भागातील कोसिव्ह ही गावे मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. कोसिव्हच्या रंगीत मृत्पात्रांच्या परंपरेचा यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या सूचीत २०१९ मध्ये समावेश झाला.

उपवास आणि साठा : ऑर्थोडॉक्स व ग्रीक कॅथलिक पंथांच्या परंपरेत वर्षात चार दीर्घ उपवास पाळीत. नाताळपूर्वीचा चाळीस दिवसांचा (पिलिपिव्का), ईस्टरपूर्वीचा सात आठवड्यांचा, जून-जुलैमधील संत पीटरचा (पेत्रिव्का) आणि ऑगस्टमधील दोन आठवड्यांचा (स्पासिव्का). याखेरीज बुधवार व शुक्रवार हे साप्ताहिक उपवासाचे दिवस असत. उपवासांत मांस, दूध व अंडी वर्ज्य असून तेल, कडधान्ये, भूछत्रे व आंबवलेल्या भाज्या चालत. अशा प्रकारे वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ उपवासाचा असे.

या नियमांचे मूळ धार्मिक असले, तरी घरगुती अर्थकारणाशी ते सुसंगत होते. ईस्टरपूर्वीचा उपवास ज्या आठवड्यांत येई, त्या वेळी गाई व्यायला आलेल्या असत, कोंबड्या अंडी कमी देत आणि मांसाचा साठा संपत आलेला असे. पिलिपिव्का संपताना थंडी कडक झालेली असल्याने कापलेल्या डुकराचे मांस टिकू शके. पीटरच्या उपवासात न प्यालेल्या दुधाचे लोणी व चीज होई. उपवास म्हणजे साठा राखण्याची समाजमान्य शिस्तही होती. वर्षातील सर्वांत कठीण काळ मात्र उपवासाचा नव्हे, तर ‘पेरेदनोवोक’ म्हणजे नव्या धान्यापूर्वीचा, वसंताच्या अखेरचा व उन्हाळ्याच्या आरंभीचा होता. त्या वेळी कणगीत जुने धान्य उरत नसे व शेतातील पीक तयार झालेले नसे. धान्य पुढील सुगीपर्यंत पुरणे हीच घरधनिणीच्या कौशल्याची कसोटी मानली जाई.

पुढील वर्णनात सणांच्या तारखा जूलियन पंचांगानुसार पाळल्या जाणाऱ्या, म्हणजे तेरा दिवस उशिराच्या दिल्या आहेत. युक्रेनचे ऑर्थोडॉक्स चर्च व ग्रीक कॅथलिक चर्च यांनी २०२३ मध्ये स्थिर सणांसाठी नवे पंचांग स्वीकारले आणि त्याच वर्षी नाताळची सरकारी सुटी २५ डिसेंबर ही ठरविण्यात आली.

शरद ऋतू : स्वयंपाकघराचे वर्ष खऱ्या अर्थाने शरद ऋतूपासून सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोबी चिरून, मीठ लावून लाकडी पिंपांत दाबीत. त्यात गाजर, सफरचंदे वा क्रॅनबेरी घालीत. काकड्या शेपू, लसूण व हॉर्सरॅडिशची पाने घालून मिठाच्या पाण्यात आंबवीत. दक्षिणेकडे लहान कलिंगडेही याच रीतीने खारविली जातात. बिटाच्या फोडी पाण्यात ठेवून तयार केलेली कांजी (क्वास) हिवाळाभर बोर्श्चला आंबटपणा देई. सफरचंदे, नासपती व आलुबुखार ही फळे पिचमध्ये वाळवून ठेवीत. पोलिस्या व कार्पेथियन भागांतून भूछत्रांच्या माळा वाळविल्या जात.

पोक्रोव्हा (१४ ऑक्टोबर) या सणापर्यंत शेतीची कामे आटोपलेली असत व विवाहांचा हंगाम सुरू होई. ‘कोरोवाय’ हा पिठाचे पक्षी, पाने व फुले यांनी सजविलेला मोठा गोल पाव हे विवाहाचे मध्यवर्ती अन्न होय. सुखाने संसार करणाऱ्या विवाहित स्त्रिया एकत्र येऊन तो गाणी म्हणत तयार करीत. विधवा अथवा पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रियांना त्यास हात लावू देत नसत. संत आंद्रियच्या (१३ डिसेंबर) पूर्वसंध्येस ‘कलिता’ हा मध्यभागी भोक असलेला गोल पाव छताला टांगून, तरुणांनी हात न लावता उडी मारून त्याचा चावा घेण्याचा खेळ खेळला जाई.

हिवाळा : नाताळपूर्वी डुक्कर कापणे हा हिवाळ्यातील महत्त्वाचा प्रसंग असे. पाठीवरील चरबी मीठ लावून ‘सालो’ म्हणून साठवीत. मांसाचे सॉसेज, रक्त व बकव्हीट भरून केलेली आतडी इ. पदार्थ सणासाठी होत. काहीही वाया न घालविणे हा या कामाचा नियम होता.

नाताळच्या पूर्वसंध्येचे (६ जानेवारी) ‘स्वियाता वेचेरिया’ म्हणजे पवित्र रात्रिभोजन हा वर्षातील सर्वांत गंभीर भोजनविधी होय. दिवसभर उपवास करून आकाशात पहिला तारा दिसल्यावर कुटुंब एकत्र बसते. टेबलावरील कापडाखाली वाळलेले गवत पसरतात, गव्हाची वा रायची ‘दिदुख’ ही पेंढी घराच्या कोपऱ्यात मांडतात. दिदुख या शब्दाचा संबंध पूर्वजांशी आहे. काही भागांत या पेंढीतील दाणे वसंतात बियाण्यात मिसळीत. भोजनात रूढीने बारा पदार्थ असून त्यांत मांस, दूध व अंडी नसतात : बोर्श्च व त्यात भूछत्रांचे सारण भरलेल्या लहान मुटकुळ्या, मासे, घेवडा, वाटाणे, होलुब्त्सी, बटाटा वा कोबी भरलेल्या वरेनिकी, भूछत्रे, गोल पाव आणि सुक्या फळांचे ‘उझवार’ हे पेय. सर्वांत प्रथम ‘कुत्या’ वाढली जाते. शिजवलेला अख्खा गहू, वाटलेली खसखस, मध व अक्रोड यांचे हे मिश्रण मृतांच्या स्मरणार्थही केले जाते. टेबलावर एक जागा व एक चमचा घरातील मृतांसाठी किंवा दूर असलेल्यांसाठी ठेवतात आणि भोजनानंतर कुत्या रात्रभर तशीच राहू देतात. जुन्या नववर्षाच्या पूर्वसंध्येस (१३ जानेवारी) लोणी-मांसासह ‘उदार’ कुत्या व एपिफनीच्या पूर्वसंध्येस (१८ जानेवारी) पुन्हा उपवासाची ‘भुकेली’ कुत्या करून ही मालिका पूर्ण होते. तिच्यातील ही नावेच विपुलता व अभाव यांचा क्रम सांगतात.

वसंत : ईस्टरपूर्वीच्या उपवासाआधीच्या आठवड्यात (मास्नित्सिया) पनीरसारख्या ताज्या चीजचे सारण भरलेल्या वरेनिकी लोणी व आंबट साय यांबरोबर खाण्याची पद्धत आहे. त्यानंतरच्या सात आठवड्यांत आंबवलेला कोबी, बिटाची कांजी, घेवडा, लापशी व तेल यांवर निर्वाह होई. चाळीस हुतात्म्यांच्या दिवशी (२२ मार्च) परतून येणाऱ्या चंडोल पक्ष्यांच्या आकाराचे छोटे पाव भाजून मुलांना देत. मुले ते हातात घेऊन वसंताला साद घालीत.

ईस्टरला ‘पास्का’ हा अंडी, लोणी व दूध घातलेला उंच वा गोल पाव, एका रंगात रंगविलेली उकडलेली अंडी (क्राशांकी), सॉसेज, सालो, लोणी, चीज, मीठ व हॉर्सरॅडिश यांची टोपली चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात व घरी परतल्यावर त्यानेच उपवास सोडतात. मेणाच्या रेघांनी नक्षी काढलेली ‘पिसांकी’ ही अंडी मात्र खाण्यासाठी नसून भेटीदाखल देण्यासाठी असतात. त्यांच्या कलेचा यूनेस्कोच्या सूचीत २०२४ मध्ये समावेश झाला. ईस्टरनंतरच्या आठवड्यात कुटुंबे अन्न घेऊन दफनभूमीत जातात व मृतांसमवेत भोजन करतात.

हिमवर्षाव संपल्यावर पहिली ताजी भाजी म्हणजे चुक्याच्या जातीची ‘श्चावेल’. तिचा व नेटल या अंगाला लागताच आग होणाऱ्या वनस्पतीच्या कोवळ्या पानांचा ‘हिरवा बोर्श्च’ करून त्यात उकडलेले अंडे घालतात. आज हा पदार्थ वसंतातील आवडीचा मानला जातो. पूर्वी मात्र तो पेरेदनोवोकमधील गरजेचे अन्न होता व धान्य संपल्यास लोबोदाही त्यात जाई.

उन्हाळा : संत पीटरच्या दिवशी (१२ जुलै) ‘मांद्रिकी’ हे चीजचे छोटे पाव करून गुराख्यांना देण्याची चाल होती. चेरी, स्ट्रॉबेरी व बिलबेरी यांच्या सारणाच्या वरेनिकी, शेपू व लोणी घातलेले नवे बटाटे, दही-ताकाची थंड सूपे हे या ऋतूचे पदार्थ होत. सुगीच्या वेळी शेवटची मूठभर कणसे शेतातच बांधून ठेवीत. ती भूमीला परत दिलेला वाटा समजली जाई. नव्या धान्याचा पहिला पाव विशेष आदराने कापीत आणि जमिनीवर पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेत.

ऑगस्टमधील सण हे फळांच्या व धान्याच्या परिपक्वतेचे टप्पे होत. माकोव्हिया (१४ ऑगस्ट) या दिवशी खसखशीची बोंडे व फुले आशीर्वादित करून, मध व खसखस घातलेल्या पाण्यात पावाचे तुकडे भिजवून ‘शुलिकी’ करतात. ‘स्पास’ (१९ ऑगस्ट) या दिवशी सफरचंदे, नासपती व मध चर्चमध्ये नेतात. त्यापूर्वी नवी सफरचंदे खाऊ नयेत, विशेषतः ज्यांची मुले दगावली आहेत अशा मातांनी ती खाऊ नयेत, असा संकेत होता. उद्यानविद्यातज्ञ लेव्हको सिमिरेंको (१८५५–१९२०) याच्या अभ्यासामुळे सर्वदूर पोहोचलेली ‘रेनेट सिमिरेंका’ ही हिरवी, हिवाळाभर टिकणारी सफरचंदाची जात याच फलोद्यान परंपरेतील आहे.

प्रादेशिक भेद : बोर्श्चमध्ये जागोजागी भेद आढळतात. पोल्तावा भागात त्यात पिठाच्या ‘हालुश्की’ घालतात, पोलिस्यात भूछत्रे, तर नदीकाठी मासे. त्याबरोबर लसूण लावलेले ‘पम्पुश्की’ हे मऊ छोटे पाव खाल्ले जातात. कार्पेथियनमधील हुत्सुल लोक मक्याचा रवा सायीत शिजवून मेंढीच्या चीजसह ‘बानोश’ करतात. ट्रान्सकार्पेथियात हंगेरियन, हॅलिचीनात पोलिश व ऑस्ट्रियन, ओदेसात ज्यू व ग्रीक, तर क्रिमियात तातार पाककलेचे संस्कार दिसतात. क्रिमियन तातारांना १९४४ मध्ये मध्य आशियात हद्दपार केल्यावर त्यांच्या पाककलेची परंपरा त्यांनी निर्वासनातच जतन केली.

दुष्काळ व परंपरेचा खंड : वर वर्णिलेली व्यवस्था अवर्षणाला व कमी पिकाला तोंड देण्यासाठी घडली होती. घरातील साठाच काढून घेतला गेला, तर त्यावर तिच्यापाशी उपाय नव्हता. १९३२–३३ मधील ‘होलोदोमोर’ या दुष्काळात हेच घडले. सामूहिकीकरणानंतर सोव्हिएट शासनाने धान्यवसुलीचे अवाजवी लक्ष्य लादले. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातील कणसे वेचणाऱ्यासही कठोर शिक्षा ठरविण्यात आली. नोव्हेंबरमधील ठरावांनी वसुली पूर्ण न करणाऱ्यांकडून दंड म्हणून मांस व बटाटेही घेण्याची तरतूद झाली. पथके घरोघर झडती घेऊन घेवडा, बीट व बियाणेही नेत असत. अनेक गावे काळ्या यादीत घालून त्यांचा मालपुरवठा बंद करण्यात आला. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने शेतकऱ्यांना युक्रेन सोडून अन्नाच्या शोधात जाण्यास मनाई झाली. मृतांची संख्या साधारणतः ३५ ते ५० लाखांच्या दरम्यान मानली जाते.

लोकांनी लोबोदा, नेटल, लिंडेनची पाने, बाभळीसारख्या वृक्षांची फुले व झाडांच्या साली यांवर दिवस काढले. वाचलेल्यांच्या साक्षींत या वनस्पतींची नावे वारंवार येतात. प्रोखोर साधूच्या कथेतील लोबोदाच्या पावाचे हे विदारक रूप होते. वसंतातील रानभाज्यांचे जे ज्ञान पेरेदनोवोकचे काही आठवडे निभावण्यासाठी होते, त्यावर हिवाळ्यापासून सुगीपर्यंत जगणे अशक्य ठरले. दुष्काळाचा उल्लेख सोव्हिएट काळात दीर्घकाळ निषिद्ध होता. युक्रेनच्या संसदेने २८ नोव्हेंबर २००६ रोजी त्यास वंशसंहार म्हणून मान्यता दिली. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी घरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लावून मृतांचे स्मरण केले जाते. १९२१–२३ व १९४६–४७ मध्येही युक्रेनमध्ये दुष्काळ पडले. पाव टाकून न देण्याची व घरात धान्याचा साठा ठेवण्याची जी सवय वडीलधाऱ्यांत दिसते, तिचे मूळ या अनुभवांत आहे.

धर्मविरोधी धोरणामुळे नाताळ व ईस्टरचे भोजनविधी सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाले आणि घरांत गुपचूप पाळले गेले. सामूहिक भोजनगृहे व प्रमाणित पाककृती यांमुळे प्रादेशिक भेद पुसट झाले. हॅलिचीना व व्होलिन हे पश्चिमेकडील भाग १९३९ पर्यंत पोलंडमध्ये असल्याने तेथील परंपरा तुलनेने अखंड राहिली. १८९१ पासून कॅनडात गेलेल्या स्थलांतरितांनीही ती जपली. साव्हेला स्टेचिशिन हिचा युक्रेनियन पाककलेवरील इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये विनिपेग येथे प्रसिद्ध झाला व तो परदेशस्थ युक्रेनियन घरांत प्रमाणभूत ठरला. २६ एप्रिल १९८६ च्या चोर्नोबिल अणुदुर्घटनेने पोलिस्याच्या वनांत किरणोत्सर्गी प्रदूषण पसरले. तेथील भूछत्रे, रानफळे व दूध हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न संशयास्पद बनले.

अलीकडील घडामोडी : १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाल्यावर धार्मिक सण व त्यांचे अन्न पुन्हा उघडपणे पाळले जाऊ लागले आणि जुन्या पाकग्रंथांचे पुनर्मुद्रण व प्रादेशिक पाककृतींचे संकलन यांना चालना मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण प्रमाणात आक्रमण केले. त्यामुळे बोर्श्च रांधण्याच्या परंपरेचे अस्तित्व धोक्यात आल्याचे मानून यूनेस्कोने १ जुलै २०२२ रोजी ‘युक्रेनियन बोर्श्चची पाकसंस्कृती’ हिचा तातडीने संरक्षण आवश्यक असलेल्या अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश केला. बोर्श्च शेजारील अनेक देशांतही रांधला जातो व अशा नोंदीने त्यावर कोणा एका देशाची मालकी प्रस्थापित होत नाही. विस्थापनामुळे शेते, परसबागा व एकत्र जेवणारी कुटुंबे तुटणे हे त्या निर्णयामागील कारण होते.

काळ्या समुद्रातील बंदरांच्या कोंडीमुळे धान्य व तेल यांची निर्यात काही काळ ठप्प झाली. जुलै २०२२ ते जुलै २०२३ या काळात संयुक्त राष्ट्रे व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने झालेल्या करारान्वये ती अंशतः चालू राहिली. त्यापूर्वी भारताच्या सूर्यफूल तेलाच्या आयातीचा मोठा हिस्सा युक्रेनमधून येत असल्याने या कोंडीची झळ भारतीय स्वयंपाकघरांनाही पोहोचली. ६ जून २०२३ रोजी काखोव्का धरण उद्ध्वस्त झाल्यावर खेर्सन भागातील, कलिंगडे व भाज्या यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंचित शेतीची मोठी हानी झाली.

युक्रेनच्या पारंपरिक पाककलेतील बहुतेक पदार्थ साधे आहेत. गहू, बीट, कोबी, खसखस व मध यांपलीकडे त्यांत दुर्मिळ असे काही नाही. त्यांना अर्थ प्राप्त होतो तो त्यांच्या काळवेळेमुळे, आणि ती काळवेळ पाळण्यासाठी कणगीतील धान्य, परसातील भाजी व घरातील माणसे ही तिन्ही ठिकाणावर असावी लागतात. नाताळच्या रात्री कुत्येच्या वाटीशेजारी मोकळा ठेवलेला चमचा मुळात मृत पूर्वजांसाठी होता. १९३३ नंतरच्या पिढ्यांनी तो उपासमारीत गेलेल्यांसाठी ठेवला आणि २०२२ पासून अनेक घरांत तो आघाडीवर गेलेल्यांसाठी व न परतलेल्यांसाठी ठेवला जातो.